जानकीच्या कॅलिपरला लाल स्लिप

जानकी धुरीने बावीस वर्षांत एकदाही खराब माल पुढे जाऊ दिला नाही, असं आमच्या कंपनीत सगळे सांगतात. ते खोटं आहे. एकदा तिने तो जाऊ दिला. तो माल तिचा स्वतःचाच होता आणि त्या दिवशी मी तिच्या शेजारी उभी होते, म्हणून मला माहीत आहे.

आमची कंपनी मुलुंडला. गोळ्या दुसरीकडून तयार होऊन येतात, आम्ही त्या स्ट्रिपमध्ये आणि मग खोक्यांत भरतो. मी, लता इंगळे, भरणाऱ्यांतली. जानकी चेकर. तिच्यासमोरून पट्ट्यावर स्ट्रिप सरकत जातात. एखादा कप्पा रिकामा असला, गोळीचा टवका उडालेला असला, नंबर पुसट छापलेला असला की तिचा हात जातो आणि ती स्ट्रिप बाहेर येते. मग तिच्यावर लाल स्लिप लागते. बिघाड काय, कुठे, कधी सापडला, आणि खाली जानकीची सही. ती सही बघून साहेब लोकही वाद घालत नाहीत. मी तिची जवळची मैत्रीण, त्यामुळे माझा माल ती जरा जास्तच वाकून बघते.

जानकी भांडुपला कोकणनगरात राहते, म्हाताऱ्या आईबरोबर. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणते, फुरसत नाही मिळाली. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि डावा पाय गेला. तेव्हापासून कॅलिपर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मांडीपासून बुटापर्यंत दोन बाजूंना दोन लोखंडी पट्ट्या, मधे चामड्याचे पट्टे आणि गुडघ्यापाशी सांधा. त्या सांध्यावर एक कडी असते. उभं राहिलं की कडी खाली बसते आणि पाय ताठ राहतो. बसायचं असलं की कडी वर ओढायची, पाय दुमडतो. एवढीशी कडी, पण तिच्यावर अख्खी जानकी उभी असते.

तिचे वडील परळच्या गिरणीत मागावर होते. पाळी संपली की माग लखलखीत पुसून मगच पुढच्या माणसाच्या हातात द्यायचे, मग तो माग दिवसभर कितीही रडलेला असो. गिरणी गेली, वडीलही गेले, पण ती शिस्त जानकीच्या अंगात मुरली. तिच्या घरी गेलात तर पाण्याच्या पिंपाची खालची बाजूसुद्धा घासलेली दिसेल. आणि तब्येत विचारलीत तर एकच उत्तर. झकास. ताप असला तरी झकास, खांदे भरून आले असले तरी झकास. मला या झकासचा भयंकर राग येतो.

आमचं घर वेगळं. आम्ही मूळचे बुलढाण्याकडचे, आता घाटकोपरला. माझे वडील अख्ख्या वस्तीचे अर्ज लिहून द्यायचे. रेशन कार्डापासून नळाच्या जोडणीपर्यंत. वर विषय, खाली संदर्भ, शेवटी पोच घ्यायची. काही दुखलं की आम्ही आधी ओरडतो आणि मग अर्ज करतो. त्यामुळे जानकीचं आणि माझं एकमेकींशी जमतं कसं, हे आम्हा दोघींनाही कळलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात पहिल्याच आठवड्यात ती लाईनवर पडली. चहाची सुट्टी झाली, ती वळली आणि पाय एकदम दुमडला. कडी झिजून सैल झाली होती, पाऊल टाकताना हिसका बसला की वर उडायची. हे तिला चार महिने ठाऊक होतं. मला नव्हतं. पडताना तिचा हात चालू पट्ट्यापासून वीतभर अंतरावर आपटला.

आमचे फ्लोअर मॅनेजर चंद्रप्रकाश साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी तिला स्वतः उठवलं, पाणी दिलं आणि मग केबिनमध्ये बोलावून सांगितलं की असं चालणार नाही. कॅलिपर दुरुस्त करून घ्यायचा आणि तो सुरक्षित आहे असा हॉस्पिटलचा कागद आणायचा. तोवर लाईनवर पाय ठेवायचा नाही. महिनाअखेरपर्यंत कागद आला नाही तर वरून तिचं नाव कमी करतील, मग त्यांच्या हातात काही राहणार नाही.

यात एक गोची होती आणि ती नीट समजून घ्या. आमच्या पगारातून सरकारी विमा कापला जातो. तापाच्या गोळीपासून ऑपरेशनपर्यंत सगळं त्यात येतं. कॅलिपर देणं येतं, तो बिघडला तर दुरुस्त करून देणंही येतं. पण विमा चालू राहायला कामाचे दिवस भरावे लागतात. म्हणजे कॅलिपर नाही तर काम नाही, काम नाही तर विमा नाही, आणि विमा नाही तर कॅलिपर कुठून येणार? बावीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासणारी बाई एका कडीपायी घरी बसणार होती. माझ्या डोक्यात नुसती तिडीक गेली.

अर्ज मी लिहिला. झकास अर्ज होता, माझ्या वडिलांनी पाठ थोपटली असती. विम्याच्या हॉस्पिटलात तपासणी समिती बसते, तिला सगळे बोर्ड म्हणतात. मोबाईलवर तारीख आली, दुसऱ्या आठवड्यातली. मी अर्धी सुट्टी टाकून हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी राहिले. आणि रिक्षातून जानकी उतरली.

उतरली म्हणजे काय, बाहेर काढावी लागली. पाय सरळ पुढे ताठ. मी खाली बघितलं. कॅलिपर चमकत होता. पट्ट्या पॉलिश केलेल्या, चामड्याला खोबरेल तेल, बुटाला नवा रबरी तळ चिकटवलेला. कडीच्या खाली-वर तांब्याची तार अशी घट्ट गुंडाळली होती की ती हलायलाच नको. तिच्या गल्लीतल्या दादू सायकलवाल्याने आदल्या दिवशी दोन तास बसून केलं होतं. तार बांधल्यावर पाय दुमडता येत नव्हता, म्हणून बाई भांडुपपासून रिक्षात आडव्या बसून आल्या होत्या.

मी विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या डॉक्टरांसमोर जायचं, मळकी वस्तू कशी न्यायची?

मी तिला तिथेच तार सोडायला सांगत होते, पण आतून नाव पुकारलं. बोर्डात तीन माणसं. मधल्या डॉक्टरांनी चालून दाखवा म्हटलं. तार बांधलेली, त्यामुळे जानकी अशी सरळ चालली की मीसुद्धा बघत राहिले. त्यांनी विचारलं, काही त्रास? आणि जानकी धुरी, माझी जिवाभावाची मैत्रीण, हसून म्हणाली, "नाही साहेब, तसं काही नाही. चालतंय."

काही त्रास नाही, अशा कागदावर तिने सही केली. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर संदेश आला. उपकरण सुस्थितीत. दुरुस्तीची गरज नाही. अर्ज नामंजूर.

मी त्या संध्याकाळी कोकणनगरात गेले ते भांडायलाच. तिच्या आईने चहा टाकला, तो निवून गेला तरी मी बोलत होते. डॉक्टरची काय चूक? त्यांना चांगला कॅलिपर दिसला, त्यांनी चांगला लिहिला. शेवटी जानकी म्हणाली, "माका लाज वाटली गो. मोडकं घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं आम्हांला कधी शिकवलंच नाही."

मग मी एकच विचारलं. "हा कॅलिपर आपल्या लाईनवर आला असता, वरून तार गुंडाळलेला, तर तू पास केला असतास?"

खाटेवर बसून तिने साडीच्या आडूनच कॅलिपर काढला, मांडीवर घेतला आणि उजेडाकडे धरला. मी तिला बावीस वर्षं स्ट्रिप तपासताना पाहिलंय. तेच डोळे. आधी तिने दादूची तार कापली. मग कडी हलवून पाहिली, सांध्याच्या कडा बोटाने चाचपल्या, मांडीचा पट्टा उलटा केला, बुटाचा तो नवा तळ उचकटून काढला. तळाखाली जुना बूट एका बाजूने पार झिजलेला होता. तिच्या पिशवीत कंपनीच्या लाल स्लिपांचं जुनं, बाद झालेलं पुस्तक होतं, हिशेबाच्या चिठ्ठ्या करायला तिने मागून आणलेलं. त्यातल्या तीन स्लिपा तिने फाडल्या आणि लिहायला बसली. कडी झिजलेली, हिसक्याने वर उडते, जुलैपासून. मांडीचा पट्टा शिवणीत उसवलेला, ऑगस्टपासून. बुटाचा तळ बाहेरच्या बाजूने झिजलेला, टाच वाकडी, जूनपासून. प्रत्येकीखाली सही, जे. वि. धुरी, चेकर. तीन स्लिपा तीन ठिकाणी दोऱ्याने बांधल्या.

मी पुनर्विचाराचा अर्ज लिहिला. खिडकीवरच्या बाईंनी तो घेताना सरळ सांगितलं की अवघड आहे, तुमच्या पेशंटनेच त्रास नाही म्हणून सही केलीय. तरी त्यांनी तारीख दिली. महिन्याची सत्तावीस. तीसला मुदत संपत होती.

सत्तावीसला जानकी कुबड्यांवर आली. कॅलिपर पायात नव्हता, पिशवीत होता, तेल नाही, पॉलिश नाही, तीन लाल स्लिपा लोंबणाऱ्या. बाकावर तिच्याशेजारी एक काका होते, त्यांच्या कुबडीला खाली फडकं बांधलेलं. त्यांनी स्लिपांकडे बघून विचारलं, हे विम्यावाल्यांनी लावलं का? जानकी म्हणाली, नाही, मी लावलं.

आत तेच डॉक्टर. त्यांनी फाईल उघडली, जुना कागद वर काढला आणि विचारलं की ही सही तुमचीच ना? जानकीने हो म्हटलं. मग त्यांनी नेहमीसारखं सांगितलं, कॅलिपर घाला आणि चालून दाखवा.

चालली असती तर पडली असती, आणि पडली असती तर काम झालं असतं, हे मला दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मला वाटलं, पड बाई एकदाची.

जानकी खुर्चीत बसली. तिने साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि डावा पाय तसाच, उघडा, समोर ठेवला. मनगटाएवढा बारीक पाय. इतक्या वर्षांत मीसुद्धा तो पाहिला नव्हता. मग तिने कॅलिपर टेबलावर ठेवला.

"मी पडून दाखवणार नाही, साहेब," ती म्हणाली. "तपासणी मालाची होते, माणसाची नाही. मागच्या वेळी मी खराब माल पास केला, ती चूक माझी. पण चुकीची सही झाली म्हणून झिजलेली कडी चांगली होत नाही. हा सरळ करा, कडी खाली बसवा आणि बूट जमिनीवर तीनदा आपटा. माणूस पाऊल टाकतो तेवढ्याच जोराने. कडी जागेवर राहिली तर मी घरी जाते."

मला वाटलं, आता आपल्याला बाहेर काढणार. पण ते डॉक्टर उठले. त्यांनी कॅलिपर हातात घेतला, कडी बसवली, बूट फरशीवर आपटला. एकदा. काही झालं नाही. दुसऱ्यांदा आपटला आणि कडी टुणकन वर उडाली, कॅलिपर मधोमध दुमडला आणि वरची पट्टी डॉक्टरांच्याच मनगटावर बसली.

त्यांनी मनगट चोळलं. मग खुर्चीत बसून तिन्ही स्लिपा एकेक करून वाचल्या, आणि स्लिपेवर जे लिहिलं होतं ते त्या त्या जागी ताडून पाहिलं. पट्टा उलटला, टाच बघितली. कुठे काम करता, असं त्यांनी विचारलं. जानकीने सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडेही एक चेकर हवा होता. मग त्यांनी स्वतःच्या हाताने जुन्या शेऱ्यावर रेघ मारली आणि नवा लिहिला. तिन्ही दुरुस्त्या मंजूर, तातडीने, विम्यातून. त्या लाल स्लिपा त्यांनी टाचणी लावून फाईलमध्ये ठेवल्या.

बाहेर आल्यावर मी रडले. जानकी नाही. ती मला म्हणाली, चल गं, चहा पिऊ, तुझं नाक गळतंय.

हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला कार्यशाळा आहे. तिथे मुकुल नावाचा तंत्रज्ञ, तिशीतला, कामसू, पण डोक्यावर कामाचा ढीग. त्याने तीस तारखेला सकाळी या सांगितलं आणि शब्दाला जागला. आम्ही दहाला पोचलो तेव्हा कॅलिपर तयार होता. नवी कडी, नवा पट्टा, बुटाला नवी टाच. सोबत कागद होता, उपकरण दुरुस्त व सुरक्षित. कागदावर फक्त जानकीची सही राहिली होती. माझ्या मनात आनंदाचं नुसतं कारंजं उडत होतं. तीस तारीख, सकाळचे दहा, मुलुंड अर्ध्या तासावर. जिंकलो.

जानकीने कॅलिपर घातला. उठली, बसली. उठली, बसली. मुकुल हसत बघत होता. पंधराएक वेळा झाल्यावर त्याचं हसू कमी झालं. मग तिने कॅलिपर काढला, मांडीवर घेतला, आणि आतल्या बाजूच्या रिव्हेटवर, पट्टी जोडणाऱ्या खिळीवर, बोट ठेवलं. म्हणाली, ही बसलेली नाही. डोकं वर राहिलंय. पट्टी इथे डुगडुगते.

मुकुल म्हणाला, मावशी, तेवढं चालतं.

मी जानकीचा दंड धरला. माझा धीर सुटला होता. मी तिला म्हटलं, सही कर ना यार, आज तीस आहे, कागद पोचला नाही तर वाट लागेल, रिव्हेटचं पुढच्या आठवड्यात बघू. मी अक्षरशः हात जोडले.

तिने पेन खाली ठेवलं. "एकदा सही करून पाहिली, लता," ती म्हणाली. "आता नोकरी गेली तर गेली. हा माल पास होणार नाही."

मुकुल आमच्या दोघींकडे बघत राहिला. तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्याने रिव्हेटवर अंगठा दाबला, पट्टी हलवली, पुन्हा हलवली. मग कानामागची पेन्सिल काढून तिथे खूण केली आणि आत गेला. तासाभराचं काम होतं, त्याला तीन तास लागले, कारण एक रिव्हेट काढताना त्याला दुसरीही ढिली सापडली. ती त्याने स्वतःहून बदलली. मी तोवर बाकावर घड्याळ बघत बसले होते. जानकी शेजारच्या काकांना त्यांच्या कुबडीचं रबर कुठे झिजलंय ते दाखवत होती. तेच फडक्यावाले काका. त्यांनी फडकं सोडून ठेवलं होतं.

दीड वाजता कॅलिपर बाहेर आला. या वेळी मुकुलने तो स्वतःच आधी जमिनीवर तीनदा आपटून दाखवला. जानकीने वीसदा उठबस केली. एकदा पायऱ्या चढली, उतरली. मग कागदावर सही केली आणि सहीखाली, कोणी सांगितलं नसताना, सवयीने लिहिलं, तपासून पास.

आम्ही अडीचला कंपनीत पोचलो. चंद्रप्रकाश साहेबांनी कागद वाचला आणि तपासून पास कोणी लिहिलंय असं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कागदावर मिळाल्याची तारीख घातली, तीस, आणि म्हणाले, उद्या पहिल्या पाळीला.

जानकी नव्हती त्या दिवसांत तिच्या जागेवर मला बसवलं होतं. फार वाईट दिवस होते ते. डोळे फुटायची वेळ यायची, आणि संध्याकाळी घरी गेल्यावरही समोरून स्ट्रिपच सरकायच्या. तरी मी जमवलं होतं असं मला वाटत होतं. तक्रार एकही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. बायका उठून उभ्या राहिल्या, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ती नुसती मान हलवत, ताठ चालत आपल्या जागेपाशी आली. मी उठले, खुर्ची तिला दिली. तिने कडी वर ओढली, बसली, आणि मी नुकताच पास केलेला ट्रे पुढ्यात ओढला. एक मिनिटही झालं नसेल. तिने तीन स्ट्रिप बाहेर काढल्या, त्यांच्यावर लाल स्लिपा लावल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिल्या.

बावीस वर्षांत तिने माझा कितीतरी माल परत केलाय आणि प्रत्येक वेळी मी तिच्याशी भांडलेय. त्या दिवशी मी त्या तीन स्ट्रिप छातीशी धरून उभी राहिले, आणि माझ्या तोंडून एकच शब्द निघाला. झकास.